चुन्याच्या खड्ड्यावरचं जाळं

समुद्रकाठच्या नवापूरचं आमचं घर किती जुनं, ते कुणालाच ठाऊक नाही. माझ्या सासऱ्याच्या आजोबानंही ते जुनंच पाहिलेलं. भिंती हातभर जाड, दगडचुन्याच्या. माझा मोठा मुलगा बोटीवरून पडून मेला, तेव्हापासून निम्मं घर बंद होतं. त्याच्या मुलाचं लग्न झालं आणि त्या दोघांनी कुलूप काढलं.

माझ्या धाकट्याला ते खुपलं. घर पाडून बोईसरच्या बिल्डरला जागा द्यायची, असं त्याच्या मनात होतं. लांबचा कुणी नव्हे, सख्खा पुतण्या राहायला आला म्हटल्यावर ते होणार नव्हतं.

दोघांनी आधी सिमेंटचा गिलावा केला. खाऱ्या हवेनं तो फुगला आणि दगडाचे टवके घेऊन पडला. नातसून म्हणाली, "आजे, या भिंतींना चुनाच लागंल." अंगणात खड्डा खणून त्यांनी चुनकळी भिजत घातली. पाणी पडलं की ती उकळते. वर नातवानं बापाचं जाळं पसरलं. आम्ही मासेमार; जाळ्यावर आमच्यात कुणी पाय देत नाही, त्यामुळे खड्ड्यात कुणी पडायची भीती नव्हती.

त्याच दिवशी भर दुपारी धाकटा पिऊन आला, हातात पहार. दार फोडायला लागला. नातू आडवा आला तर पहार त्याच्या खांद्यावर घातली. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. नातसुनेनं धाकट्याचे केस धरले. त्यानं तिला भिंतीवर आपटलं. मी वल्हं उचलून त्याच्या पाठीत हाणलं.

"म्हातारे, तू पण त्यांच्यातली काय?"

"तुला जन्म दिला तीच चूक झाली. नीघ!"

"भावाचं जाळं मांडलंय होय? बघ, काय करतो त्याचं!" म्हणत त्यानं मुद्दाम जाळ्यावर पाय दिला आणि गुडघ्यापर्यंत आत गेला.

तसं ओरडणं मी कधी ऐकलं नव्हतं. मी जागची हलले नाही. नातसुनेनंच त्याला ओढून काढलं. तिच्या तोंडातून रक्त गळत होतं, तरी ती पिंपातलं पाणी त्याच्या पायावर ओतत राहिली.

"कशाला वाचवतेस?" मी म्हटलं.

"आजे, मयत झाली तर या घरात मी कशी राहू?"

त्याच खड्ड्यातला चुना आम्ही भिंतींना लावला. छान बसलाय. धाकटा लंगडतो, आणि घर पाडायचं नाव काढत नाही. त्याचं कालवण नातसून नेऊन देते. मी देत नाही.