रुखवतातली मार्क टू

आसारामचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. चारला नळाला पाणी यायचं. ते भरून तो भिंगारहून चालत नगरच्या गॅरेजात यायचा आणि गाड्यांचा चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचा. मी तिथेच रंगकाम करायचो. गाडी नव्यासारखी झाली की गाडीचे मालक आपल्या ड्रायव्हरला म्हणायचे, आता जपून वापर. आसारामला कुणी काही म्हणत नसे.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. व्याही गहिनीनाथ, देवळाली प्रवराचे ऊसवाले. त्यांनी अँबॅसिडर मार्क टू नोंदवली होती आणि ती दारात उभी असल्यासारखं ते बोलत. सुपारीच्या दिवशी विहीणबाई छबूबाईंनी अट घातली.

"देन्याघेन्याचं काय न्हाई आमचं. रुखवतात फकस्त आमची गाडी मांडा. बारकी चालंल, पर हुबेहूब पायजे. आमचं पाव्हणं लई बारीक बघत्यात."

"आन् वरातीला?" आसारामची बायको मनकर्णा हिने विचारलं.

"वरातीला खरीच असनार की."

हुबेहूब नसली तर मुलीला सासरी जन्मभर ऐकावं लागणार, हे कुणी आसारामला समजावलं नाही. गरज नव्हती.

जुन्या बाजारात त्याला चार बोटांची ओतीव विलायती खेळण्यातली गाडी मिळाली. लष्करी कँपातल्या कुठल्या साहेबाच्या पोराची असावी. तोंडवळा अँबॅसिडरचा, पण जुन्या मॉडेलचा. दिव्यांवर पापण्या, पुढे आडव्या पट्ट्या.

त्याने थिनरने रंग उतरवला. पापण्या कानशीने घासल्या. ओतीव धातूला आच लावता येत नाही, गाडीच वितळते. म्हणून पट्ट्यासुद्धा कानशीनेच काढल्या. मार्क टूची जाळी बारीक चौकटींची. ती मनकर्णाच्या चहाच्या गाळणीतून कापली. पहिली तिरकी बसली, फेकली. मग दुसरी गाळणी आणली. घरात चहा फडक्यातून गाळला जाऊ लागला. रंग मी दिला, स्प्रे गनने, पातळ हात, प्रत्येक हात वाळल्यावर ओला पॉलिश पेपर. ब्रशने मारला असता तर तासाचं काम होतं, आणि तासाचंच दिसलं असतं.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड उसाच्या ट्रकमधून उतरलं. नोंदवलेल्या खऱ्या गाडीचा नंबर अजून लागायचा होता.

रुखवतात लाडू-करंज्यांच्या मधोमध मार्क टू उभी होती. वरपक्षाकडचे सूर्यभानबाबा बराच वेळ वाकून पाहत राहिले.

"गहिनीनाथ, जाळी बराबर हाय बरं का."

"असनारच की."

"लेकरू तर आलं. त्याची आई कवा यायची?"

मांडव हसला. ट्रकचा ड्रायव्हर जास्तच हसला. गहिनीनाथांनी आसारामला बाजूला घेतलं.

"पाव्हणं, ते झाकून टाका."

"काय चुकलंय का त्यात?"

"चुकलं असतं तर बरं हुतं."

"झाकायची न्हाई," मनकर्णा म्हणाली. "तुमीच मागितली. माझ्या दोन गाळण्या गेल्यात तिच्यापायी."

गहिनीनाथ मांडवाबाहेर ट्रकच्या फाळक्याला टेकून बसले. नवरदेव बाशिंग बांधून वाट पाहत होता. भटजी घड्याळ पाहत होते. अर्ध्या तासाने निरोप आला: नवरी ट्रकमधून नेली तर देवळालीत नाक राहणार नाही, वरातीच्या गाडीचं बघा, मगच अक्षता.

खरी गाडी वरपक्ष आणणार होता, याची कुणी आठवण काढली नाही. आसाराम उठला, नगरच्या स्टँडवर गेला आणि टॅक्सी घेऊन आला. जुनी अँबॅसिडर होती. गहिनीनाथांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर थाप दिली आणि मांडवात जाऊन बसले.

अक्षता पडल्या. मुलगी टॅक्सीतून सासरी गेली. गाडी वरपक्षाची, असं देवळालीत सांगितलं गेलं.

आसारामने पगारातून बाजूला टाकलं होतं ते मुलीच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी. ते गेलं टॅक्सीच्या भाड्यात. देवळालीला जायचं, आणि रिकामी परत यायचंही.