भावजींचं ‘आपण’

आमचे भावजी ‘मी’ म्हणत नसत. ताप आला तर ‘आपल्याला ताप आलाय’ म्हणायचे आणि मोटारींच्या शर्यतीत पहिले आले तरी ‘आपण पहिले आलो’ म्हणायचे. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न होऊन परभणीकडच्या खेड्यातून मी हैदराबादला, काचीगुड्याच्या दोन खोल्यांत आले, तेव्हा पहिल्याच सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, “वहिनी, आपण चाय बनवू का?” मला वाटलं, केवढा गुणी दीर मिळाला. मी कौतुकानं पातेलं पुढे केलं, तर ते पाटावर बसून वर्तमानपत्र वाचायला लागलेले. त्यांच्या ‘आपण’मधलं काम समोरच्याच्या वाट्याला येतं, हे मला त्या दिवशी कळलं. पण त्यांच्या ‘आपण’मधला मानही तसाच समोरच्याला मिळायचा, हे कळायला थोडे दिवस गेले.

आमचे हे शाळेत मराठी शिकवायचे. चुकीचं मराठी बोलून ह्यांच्यासमोरून सुटलेला माणूस मी काचीगुड्यात पाहिला नाही. दारावर आलेल्या भाजीवालीचं ‘तो भेंडी’ दुरुस्त केल्याशिवाय आमच्या घरी भाजी शिजत नसे. मलाही त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, “आम्ही म्हणजे दार लावलेलं घर. ऐकणारा बाहेर. आपण म्हणजे दार उघडं, ऐकणारा आत. हा भेद कधी विसरायचा नाही.” नवी नवरी काय ऐकायला बसली होती आणि नवरा काय सांगत होता, ते जाऊ द्या. पण ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. पुढे त्याच वाक्यानं आमचं घर फोडलं, याचा मला अजून धक्का बसतो.

भावजी आधी एका देवडीत, म्हणजे नवाबसाहेबांच्या वाड्यात, त्यांची मोटार चालवायचे. जहागिऱ्या गेल्या, देवडीतल्या मोटारी एकेक करून विकल्या गेल्या, आणि त्यातली सगळ्यांत म्हातारी मोटार भावजींचे दोस्त गफूरभाई यांच्या अंबरपेठच्या गॅरेजात येऊन पडली. दोघांनी तिचं छप्पर काढलं, मडगार्डं काढली, मागची सीट काढली आणि तिला शर्यतीत पळवायचं ठरवलं. सकाळी खोकल्याशिवाय ती उठायची नाही, म्हणून गफूरभाईंनी तिचं नाव खालाबी ठेवलं. खाला म्हणजे मावशी. शहराबाहेर लढाईच्या काळातली विमानांची एक जुनी धावपट्टी होती, तिथं अधूनमधून शर्यती व्हायच्या. आमची खालाबी तिथं विलायती मोटारींच्या रांगेत उभी राहिली की लोक हसायचे. सुटली की हसणं थांबायचं.

जिंकून आले की भावजी सगळ्या गल्लीला सांगायचे, “आपण पहिले आलो.” पानवाल्यापासून टांगेवाल्यापर्यंत जो तो छाती पुढे काढून ऐकायचा, जणू रात्रभर तोच इंजिन घासत बसला होता. एकदा चादरघाटाच्या पुलावर पोलिसानं त्यांना अडवलं. भावजी नम्रपणे म्हणाले, “माफ करना जमादारसाब, अपन जरा जोर से आ गए.” पोलीस म्हणाला, “अपन कौन? मैं तो सुबह से यहीं खड़ा हूँ.” आणि हसत सोडून दिलं. हा प्रसंग गफूरभाई आमच्याकडे जेवायला आले की दर वेळी सांगायचे आणि आम्ही दर वेळी हसायचो.

ह्यांचाही त्या संघात मोठा वाटा होता. मोटारीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण नजर तीक्ष्ण होती आणि हस्ताक्षर वळणदार. शाळेतली एक मोठी पाटी घेऊन ते वळणावर उभे राहायचे. पुढे काय आहे ते गफूरभाई सांगायचे, आणि हे खडूनं ठसठशीत मराठीत लिहून पाटी उंच धरायचे. ‘हळू’. ‘आता सोड’. ‘डावीकडे तेल’. बाकीच्या संघांना मराठी वाचता येत नसे, त्यामुळे आमचं गुपित भर मैदानात उघडं असूनही गुपितच राहायचं. मी डबे घेऊन ह्यांच्या मागे सतरंजीवर बसायची.

भावजींचं आणि पाटीचं मात्र हाडवैर होतं. जेवताना रोज तंटा व्हायचा. “दादा, आपण पुढे होतो. हळू कायकू लिहिलं?”

“कायकू नाही, का. आणि वळणावर खडी होती.”

“आपल्याला खडी दिसत नाही का?”

“तुला फक्त पुढची मोटार दिसते.”

मग भावजी ताट सरकवायचे, हे चष्मा पुसायचे आणि मी दोघांनाही आणखी एकेक भाकरी वाढायची. पण धावपट्टीवर भावजींनी पाटीचा शब्द कधी मोडला नाही. ‘थांब’ म्हटलं की जिंकत आलेली शर्यत सोडून थांबायचे. त्यांचा नियमच होता. “मैदानात पाटी मानायची, भांडायचं घरी.”

त्याच वर्षांत भाषेप्रमाणे हैदराबाद राज्य मोडायची बोलणी सुरू झाली. आमच्या गल्लीत तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू अशी सगळी घरं एका नळावर पाणी भरायची. आता नळावर एकच विषय. तुम्ही कुठं, आम्ही कुठं. समोरचे कन्नड मास्तर गुलबर्ग्याकडे निघाले, शेजारचे मराठवाड्याकडे. सरकारी माणसांच्या वाटण्या होत होत्या. आमच्या ह्यांची शाळा सरकारी, विषय मराठी. एके दिवशी औरंगाबादला बदलीचा हुकूम आला.

हुकूम आला त्या दिवशी दोघं भाऊ जेवायला बसले होते. मी आमटी वाढत होते. हे भात कालवता कालवता म्हणाले, “आम्ही औरंगाबादला जातोय. शाळा सुरू व्हायच्या आत.”

भावजींचा हात घासासकट थांबला. “आम्ही?” त्यांनी विचारलं.

“हो, आम्ही,” हे म्हणाले आणि आमटी मागितली.

भावजींनी ताटातलं सगळं संपवलं, आपलं ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलं. इतक्या वर्षांत त्यांनी ताट कधी उचललं नव्हतं.

ते बाहेर गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, “आम्ही का म्हणालात?”

“चूक काय त्यात? हुकूम माझ्या नावचा आहे. त्याची मोटार इथं, गफूर इथं, तो कशाला येतोय? मग आम्हीच. वाक्य बरोबर आहे.”

“त्यांना विचारलंत?”

“जो येणार नाही त्याला काय विचारायचं?”

मी थक्क झाले. दुसरा कुणी असता तर ‘बोलण्याच्या ओघात गेलं असेल’ म्हणून भावजींनी सोडून दिलं असतं. पण दादा शब्द चुकत नाही, हे त्यांना लहानपणापासून माहीत. दादा ‘आम्ही’ म्हणाला म्हणजे दार लावून घेतलं. यायचं की नाही ते त्यांनी पुढे ठरवलं असतं, बहुतेक नाहीच म्हणाले असते. पण कुणी विचारायला तर हवं होतं.

दुसऱ्या दिवशी भावजी नामपल्लीच्या एका शेठकडे गेले. मोटारीच्या सामानाचं शेठचं मोठं दुकान, स्वतःची चकचकीत विलायती गाडी, आणि गेली दोन-तीन वर्षं भावजींना ‘आमच्याकडे या’ म्हणून निरोप. आजवर भावजी तो निरोप नकलेसकट आम्हाला करून दाखवायचे. आता त्याच गाडीत जाऊन बसले. रात्री राहायला गफूरभाईंकडे, दिवसा शेठकडे. आमच्याकडे पाऊल नाही. अख्खी गल्ली सुन्न झाली. पानवाला मला म्हणाला, “अम्मा, अपने भैया शेठ के हो गए बोलके सुना, झूट है ना?”

गफूरभाई तणतणत आले. कुणीतरी त्यांना त्या जेवणाची हकीकत सांगितली होती, बहुधा भावजींनीच. ते ह्यांच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, “मास्टरसाब, तुमारे मराठी में दो-दो हम कायकू हैं? एक में काम नई चलता क्या?”

सगळ्या काचीगुड्याला व्याकरण शिकवणारा माझा नवरा चष्मा पुसत बसला. तरी जाऊन भावाला दोन शब्द बोलणंही त्यांना जमलं नाही. मानी माणूस. “रागात आहे, येईल,” एवढंच म्हणायचे आणि पाटी भिंतीला टेकवून ठेवलेली होती तिच्याकडे पाहायचे.

शर्यतीचा दिवस आला. खालाबीला चालवणारा नव्हता, तेव्हा ती गॅरेजातच राहिली. पण सकाळी पाहते तर हे कपडे करून तयार, काखेत पाटी. मी विचारलं, “पाटी कुणाला?” म्हणाले, “सवय आहे.” गफूरभाईही आले. आम्ही तिघं नेहमीच्याच वळणावर जाऊन उभे राहिलो.

शेठच्या गाडीत भावजी सगळ्यांच्या पुढे होते. इतके पुढे की मागची गाडी दिसेना. आमच्या समोरून गेले तेव्हा त्यांनी मान वळवली नाही. पुढच्या फेरीला गाडी जवळ आली आणि गफूरभाईंनी ह्यांचा दंडच धरला. “मास्टरसाब, पिछला टायर. रबर गया, जाली दिखरी. रोको उसको.”

ह्यांनी खडू काढला. पाटीभर लिहिलं, ‘थांब’. भावजींची गाडी पुन्हा आली तेव्हा हे पाटी डोक्यावर धरून थेट कडेला जाऊन उभे राहिले होते. भावजींनी या वेळी पाहिलं. मी त्यांचा चेहरा पाहिला, म्हणून सांगते, पाहिलं आणि वाचलंही. वेग कमी झाला नाही.

टायर समोरच्याच टोकाला फुटला. गाडी आडवी झाली, उलटली, पुन्हा उलटली. लोक धावत सुटले. मला एवढंच आठवतं, की मी हातातला डबा गच्च धरून उभी होते आणि हे पाटी अजून तशीच वर धरून उभे होते. कुणीतरी येऊन त्यांचे हात खाली घेतले.

भावजी वाचले. एक गुडघा मात्र कायमचा गेला. पुन्हा वाकणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांना शुद्ध आल्यावर आम्ही दवाखान्यात गेलो. हे पलंगाजवळ उभे राहिले. भावजींनी डोळे उघडले आणि म्हणाले, “आपण कशाला तसदी घेतलीत?”

मला आधी वाटलं, माणूस गुंगीत आहे. मग कळलं. मराठीत आणखी एक ‘आपण’ आहे. परक्याला, साहेबाला म्हणायचा, अर्जात लिहायचा. तो मला शिकवायचा ह्यांच्याकडून राहून गेला होता. सख्ख्या भावाला तो ‘आपण’ ऐकावा लागला.

ह्यांनी कसंबसं विचारलं, “पाटी दिसली नाही का रे?”

“दिसली.”

“मग?”

“आम्हाला वाटलं, हरवायला दाखवलीय.”

अपघात डोळ्यांनी पाहिला होता, तेव्हा बसला नाही एवढा धक्का मला त्या वाक्यानं बसला. जो माणूस ह्याच पाटीसाठी जिंकलेल्या शर्यती सोडत होता, त्याला भावानं ‘थांब’ लिहिलेलं कपट वाटावं? आणि स्वतःबद्दल ‘आम्ही’ म्हणताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते. हे व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ह्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

शेठची माणसं एकदा येऊन गेली, मग फिरकली नाहीत. गफूरभाईंनी भावजींना आपल्या गॅरेजात नेलं, खालाबीच्या शेजारी खाट टाकून दिली. हे रोज शाळा सुटली की अंबरपेठेला जायचे. एके दिवशी मी बरोबर असताना ह्यांनी हात जोडल्यासारखं करून म्हटलं, “चल आमच्या... आपल्याबरोबर चल. आपण सगळे औरंगाबादला जाऊ.” चुकले, अडखळले, दुरुस्त केलं. भावजी शांतपणे म्हणाले, “आपण सुखरूप जावं. इथं गफूरभाई आहेत.” आम्ही उठलो.

निघायच्या दिवशी काचीगुडा स्टेशनवर मनमाडची गाडी लागली. सामान चढवलं, आम्ही खिडकीशी बसलो, आणि पाहते तर गर्दीतून गफूरभाई वाट काढताहेत, मागे कुबडीवर भावजी. ते खिडकीपाशी आले. त्यांना मला वाकून नमस्कार करता येईना, तर मीच खिडकीतून हात काढून त्यांच्या डोक्यावर ठेवला. दोघं भाऊ एकमेकांकडे पाहत होते. अशा वेळी काय बोलायचं ते दोघांपैकी कुणालाच येत नव्हतं. भांडण सोडलं तर ते एकमेकांशी बोलले तरी कधी होते?

शिटी झाली, गाडी हलली. भावजी कुबडी टेकत दोन पावलं गाडीबरोबर आले आणि ओरडले, “दादा, आपण पोचलो की कळव!”

गाडीनं वेग घेतला. फलाट मागे पडला. मी तेच वाक्य मनात घोळवत बसले. पोचलात नाही, पोचलो. कळवावं नाही, कळव. जो माणूस फलाटावर राहिला, तोच विचारत होता की आपण पोचलो का.

हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, “वाक्य चुकलं त्याचं.”

मी म्हटलं, “दुरुस्त करू नका.”

औरंगाबादला उतरलो तेव्हा सामान फलाटावरच होतं, हमाल घाई करत होता. ह्यांनी खिशातून कार्ड काढलं, ट्रंकेवर ठेवून लिहिलं आणि स्टेशनातल्याच पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं. पत्ता गफूरभाईंच्या गॅरेजचा होता. मजकूर दोनच शब्दांचा, पाटीवर लिहायचे तशा ठसठशीत अक्षरात: आपण पोचलो.