आईच्या साखरेची सरासरी

साखर तपासण्याआधी बोटाला लावायच्या स्पिरिटचा वास आला की संगमनेरचं आमचं भाड्याचं घर आठवतं. एका संध्याकाळी, कॉलेजात दिवसभर संख्याशास्त्र शिकवून मी दमून आले होते. आईच्या रक्तातल्या साखरेच्या नोंदींची वही चाळली, आठवड्याची सरासरी काढून खाली लिहिली आणि म्हणाले, "एकशेचाळीस. ठीक आहे." आई म्हणाली, "पन एक दिस साठ, एक दिस दोनशेवीस. हातपाय लई गळाल्यावानी हुतंय." ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओट्यापाशी घामाघूम पडलेली दिसली. दवाखान्यात डॉक्टरांनी वही बघितली. "साखर एकदम उतरलीय. सरासरी कशाला काढलीत? साखर किती वर-खाली होतेय ते बघायचं." आई वाचली. पण वही मात्र माझ्याऐवजी शेजारच्या नर्सबाईंना दाखवू लागली. अजूनही प्रमाण विचलनाच्या, म्हणजे आकडे सरासरीपासून किती वर-खाली जातात ते मोजायच्या तासाला मी फळ्यावर आधी साठ आणि दोनशेवीस लिहिते, सरासरी नंतर.