चिमूटभर खाऊ, टाकीभर हिरवं

वाट बघणाऱ्या बायकांचे फोन काढून घ्या आणि त्यांना पाऊण तास एका बाकावर बसवा. किस्से आपोआप साठतात. नवीन पनवेलच्या आमच्या स्पीच थेरपी क्लिनिकात नेमकं हेच होतं. थेरपिस्ट केतकी मॅडमचा नियम कडक: "वेटिंग रूममध्ये मोबाइल नाही. मुलं बघतात!" त्यामुळे आम्ही एकमेकींकडे बघतो, नाहीतर माशांकडे.

माशांची टाकी खाऱ्या पाण्याची. दोन केशरी-पांढरे मासे, एक पिवळाधमक. मॅडमचा भाऊ परदेशी जाताना ठेवून गेला.

माझी रेवा पावणेचार वर्षांची. ऐकू उत्तम येतं, सगळ्या तपासण्या झाल्या, पण बोलत नाही. 'आई' नाही, 'पाणी' नाही. विचुंब्याहून रिक्षाने येताना रस्त्याकडे बघतसुद्धा नाही. बघते ती फक्त या टाकीकडे. त्यामुळे माझ्यासाठी ती शोभेची वस्तू नव्हतीच. माझी सगळी आशा त्या काचेला नाक लावून बसलेली!

* * *

पाणी हिरवं दिसायला लागलं तेव्हा मी आधी काय केलं असेल? चष्म्याचा नंबर तपासून आले! चष्मेवाला म्हणाला, "मॅडम, डोळे ठीक आहेत. झोप कमी पडतेय."

पुढच्या आठवड्यात नाझनीनने हळूच विचारलं, "तुला पण हिरवं दिसतंय का गं?" ही अयानची अम्मी, शिवणकाम करते.

"तुलाही दिसतंय?"

"मला वाटलं, माझ्याच डोक्यात काहीतरी झालंय."

इतका आनंद झाला मला! बिघाड आपल्यात नाही, पाण्यात आहे, हे ऐकायला आई झाल्यापासून मी आसुसले होते.

* * *

खरं सांगायचं तर ते हिरवं सुंदर होतं. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन शिरलं की टाकी आतून उजळायची. केशरी मासे धुक्यातून आल्यासारखे यायचे आणि विरघळून जायचे. आमच्या गप्पा अर्ध्यावर थांबायच्या. वाटायचं, आपणच पाण्याखाली बसलोय, आणि वर कुठेतरी, फार लांब, कुणीतरी आपलं नाव घेतंय.

मग रेवाच्या पाठीकडे लक्ष जायचं. मासे मेले तर?

* * *

निदानाचा पहिला मान घरत आजींचा. गव्हाणच्या. नातवाला घेऊन येतात, उभा जन्म मासळीत गेलेला. त्यांनी टाकीत बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि जाहीर केलं, "पानी मेलंय. आमच्या खाडीचं आनते."

आम्हाला वाटलं, बोलण्यातच आहे. दोन दिवसांनी आजी पाच लिटरचा कॅन घेऊन हजर! नेमका त्याच वेळी मॅडमनी बोलावलेला कामोठ्याचा टाकीवाला दादा जिना चढत होता.

"आजी, थांबा! हे मासे तुमच्या खाडीतले नाहीत. त्यांना ते पाणी सोसणार नाही."

"मासं दर्यात व्हतात, तुज्या दुकानात नाय!"

"पण आता खाडीत माणसं काय काय सोडतात, माहितीये ना?"

आजींनी कॅनचं झाकण घट्ट केलं. कॅन बाकाखाली सरकवत म्हणाल्या, "त्ये मातर खरं हाय."

* * *

दादाने पांढऱ्या ग्लासात टाकीतलं पाणी घेतलं. ग्लासातही फिकट हिरवंच! "म्हणजे काचेवरचं शेवाळ नाही, लाइटचा रंग नाही. पाण्यातच बारीक शेवाळ तरंगतंय." मग ते पाणी पांढऱ्या रुमालातून गाळलं. रुमाल हिरवा, पाणी बरंचसं नितळ. मी मनात म्हटलं, माणसांनाही असं गाळता आलं असतं तर!

मग त्याची चौकशी सुरू झाली. ऊन किती वेळ येतं? पाणी कधी बदललं? आम्ही शाळेतल्यासारख्या रांगेत बसलेलो. डॉक्टर 'मुलीला टीव्ही किती वेळ दाखवता?' विचारतात तेव्हा मी जशी छताकडे बघते, तशीच बघायला लागले.

"खाणं किती वेळा घालता?"

मॅडमच चाचरल्या. कारण बक्षीस म्हणून त्यांनीच पद्धत पाडलेली: जो आपला शब्द नीट म्हणेल, त्याने माशांना एक चिमूट खाऊ घालायचा. दिवसाला चौदा मुलं!

"आधी दोन-तीनच मुलांना जमायचं," मॅडम म्हणाल्या. "आता बहुतेकांना जमतं."

दादाने कपाळाला हात लावला. "उरलेल्या खाऊवर शेवाळ पोसलंय. म्हणजे मुलं सुधारली आणि पाणी बिघडलं!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण आतून कुणीतरी चिमटा काढला. या हिरव्या रंगात माझ्या रेवाची एकही चिमूट नव्हती.

* * *

नाही, हे खोटं आहे. होती.

मॅडम आत असताना मी खाऊची डबी उघडून रेवाच्या बोटांत चिमूट द्यायचे. शब्द नाही तर नाही! मासे वर झेपावले की तिचा चेहरा जो उजळायचा, त्यासाठी. महिनाभर रात्री आठवून मला स्वतःचीच लाज वाटायची.

शेवटी राहवेना. मी सगळ्यांसमोर कबूल केलं, "मॅडम, मी चोरून खाऊ घालत होते."

मग नाझनीन म्हणाली, "मीपण. अयान रुसला की."

"तुमी पन?" घरत आजी ओरडल्या. "मना वाटलं, मी येकलीच!"

मॅडमनी डबी कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली आमच्या डोळ्यांसमोर पर्समध्ये टाकली.

* * *

उपाय ठरला. थोडं पाणी काढून समुद्री मिठाचं ताजं पाणी भरायचं, हवेचा पंप चालू ठेवायचा आणि शेवाळ मरावं म्हणून चार दिवस पूर्ण अंधार. नाझनीनने काळं कापड आणलं. "माझ्या बुरख्याचं उरलेलं. मासे पण इज्जतदार दिसतील!" म्हणत टाकी सगळ्या बाजूंनी झाकली.

माझा जीव खाली-वर. एवढी एकच गोष्ट बघते माझी मुलगी, आणि तीच झाकायची? मी म्हटलं, "चार दिवस सुट्टी घेऊ का?"

"अजिबात नाही," मॅडम म्हणाल्या. "आणि तिच्याशी सतत बोलत राहा. जे दिसेल ते बोला."

पाणी पाचव्या दिवशी नितळ झालं. हे आत्ताच सांगून टाकते, कारण शेवटचा किस्सा तिसऱ्या दिवसाचा आहे.

त्या दिवशी रेवा रडली नाही. नेहमीच्या जागी बसली आणि कापडाला कान लावला. आत पंपाची बुडबुड चाललेली. आजी नाझनीनला सोड्यांची आमटी सांगत होत्या, आणि मी मॅडमच्या हुकमाप्रमाणे सुरू: "रेवा, हे बघ, कापड! काळं कापड! आत कोण आहे? मासे! म्हण बरं, मा... मा... मासे! केशरी मासा कुठे गेला? रेवा, म्हण ना, मा..."

रेवाने कान बाजूला केला. वळली. थेट माझ्या डोळ्यांत बघितलं. ओठांवर बोट ठेवलं.

"श्श!"

आणि पुन्हा कापडाला कान लावला.