टाइम मागायचा हक्क

बास्केटबॉलच्या नियमांचं पुस्तक अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात एकच होतं, आणि ते माझ्या खिशात असायचं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. पुस्तक नागपूरहून आलेलं, सगळं इंग्रजीत. मी ड्रिलमास्तर. सामना कुठलाही असो, शिट्टी माझीच.

त्या दिवशी घाटाखालच्या एका शाळेचा संघ आमच्या शाळेशी खेळायला सर्व्हिस मोटारीनं वर आला. त्यांचा मास्तर आधी पहिलवान होता, नोकरी तात्पुरती. सकाळी चहाच्या दुकानात तो पाच-सहा जणांसमोर हसत म्हणाला, "तुमचं बरं हाय मास्तर! नुसती शिट्टी फुकली का झालं काम!"

सगळे खदाखदा हसले. मीही हसलो, पण तळपायाची आग मस्तकात गेली होती. शिट्टी फुकतो म्हणे! थांब लेका.

मग तो बाकावर माझ्याजवळ सरकला. "अजी मास्तर, आज जिकलो तं हेडमास्तर मले कायम करणार हायेत. घरी दोन लेकरं हायेत. मले इंग्रजी येत नाही. त्या पुस्तकात काही खास असंन तं सांगून ठेवा."

"काही खास नाही," मी म्हणालो. चहाचे पैसे त्यानंच दिले.

खास होतं ना. खेळ थांबवायचा तर टाइम कप्तानानंच मागायचा. बाहेर उभ्या मास्तरनं कितीही बोंब मारली तरी पंचानं ऐकायचं नाही. आणि मास्तर रेघेच्या आत आला तर दंड, म्हणजे समोरच्या संघाला टोपलीत एक मोकळी फेक.

शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा त्याची पोरं एका गुणानं पुढे होती, पण पार दमली होती. एक तर गुडघ्यांवर हात टेकून ओकारी दाबत होता. चेंडू बाहेर गेला. त्यांचा मास्तर रेघेवरून ओरडला, "टाइम! मास्तर, टाइम द्या!"

मी चेंडू पुसत बसलो. त्याच्या कप्तानानं नुसता हात वर केला असता तर मला थांबावंच लागलं असतं. पण त्या पोराला कोण सांगणार? तो आपल्या मास्तरकडे बघत होता, आणि मास्तर माझ्याकडे.

"टाइम मांगून राह्यलो ना! बहिरे झाले का?"

मी खेळ सुरू केला. तो धावत आत आला आणि माझा हात धरला. मला तेच हवं होतं. शिट्टी मारली, दंड दिला. त्या फेकीवर बरोबरी झाली. मग आमच्या पोरांनी एक टोपली केली आणि खेळ संपला.

सामन्यानंतर तो आला. आवाज पार बसला होता. "काऊन दिला नाही?"

मी खिशातून पुस्तक काढलं, तो नियम उघडून त्याच्या हातात दिला. तो बराच वेळ त्या इंग्रजी ओळींकडे बघत राहिला. मग दोन्ही हातांनी पुस्तक परत दिलं आणि म्हणाला, "माफ करा मास्तर, आवाज चढला माझा."

मी केलं माफ!

पंधरा दिवसांनी त्याच्या हेडमास्तरांचं पत्र आलं. जागा रिकामी झाली आहे, नियम जाणणारा कोणी असेल तर कळवा. मी माझ्या मेहुण्याचं नाव कळवलं. चेंडू कधी हातात धरला नव्हता त्यानं. महिन्याभरात तो कायम झाला, एकही सामना न जिंकता.