तपासणीपुरता विद्यार्थी

इंग्रजांच्या काळात गोंदियातलं आमचं खासगी कॉलेज धानाच्या गोदामात भरायचं. तपासणीला साहेब येणार होता आणि बाकं रिकामी दिसली तर मान्यता जाणार होती. प्राचार्यांनी नवेगाव बांधाहून मासे विकायला आलेल्या एका माणसाला रस्त्यावरून आणून, तोंड न उघडण्याची ताकीद देऊन, माझ्याशेजारी बसवलं. टोपली बाकाखाली, नजर फळ्यावर. असा थाट आमच्यात एकाचाही नव्हता.

साहेब नेमका त्याच्यापुढेच थांबला.

"काय शिकतोस?"

प्राचार्यांच्या हातातला खडू मोडला. मासेवाला सावकाश उभा राहिला.

"शिकून राहिलो जी. समजलं काही नाही अजून."

"सगळ्याच कॉलेजांत हे चालतं," म्हणत साहेब हसून पुढे गेला. मान्यता टिकली.

दुसऱ्या सकाळी तो पुन्हा बाकावर हजर.

"आता काऊन आला गा?" मी विचारलं.

"काल मास्तरनं बस म्हनलं. ऊठ कोनी म्हनलं नाही."

मी सरकून जागा दिली.