जड मशीन

डॉक्टरांनी झाडू बंद करायला सांगितला तेव्हा मला आधी हसूच आलं. लग्न होऊन आले तेव्हापासून कुसगावच्या या घरात मी झाडू मारतेय, आणि तळेगावात पंख्याखाली बसलेला एक माणूस म्हणतो, झाडू टाकून द्या. मग त्यांनी ह्यांचा एक्स-रे उजेडावर धरला आणि माझं हसू आटलं. ह्यांची उभी हयात खडीच्या क्रशरवर गेली. दगड फुटायचा, पिठासारखी भुकटी उडायची आणि हे तोंडाला पंचा गुंडाळून त्यात उभे असायचे. ती भुकटी आता छातीत बसली आहे आणि ती कुणालाच काढता येत नाही. "निदान घरातली धूळ तरी नाकात जाऊ देऊ नका," डॉक्टर म्हणाले. "केर काढताना त्यांना बाहेर पाठवा, नाहीतर व्हॅक्यूम क्लीनर घ्या."

बाहेर पाठवणं सोपं वाटलं म्हणून आधी तेच ठरवलं. सकाळी हे काठी टेकत शेजारच्या मावशींच्या ओट्यावर जाऊन बसायचे. जाताना "येतो गं" म्हणायचे आणि मी झाडू हातात घेऊन उभी राहायची. पण झाडू काही जमिनीला लागायचा नाही. आमच्याकडे घरातलं माणूस बाहेर पडलं की लगेच केर काढत नाहीत. तसा केर मयत उचलल्यावर काढतात. मी अंगणवाडीत नोकरी केली, गावातल्या बायकांना शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या, असल्या समजुतींना कायम नाक मुरडलं. तरी ह्यांची पाठ फाटकाबाहेर गेली की माझा हात गळून जायचा. धडधाकट माणूस गावाला निघालं तर थोडं थांबून झाडतात, एवढं ठाऊक होतं. आजारी माणसामागे किती थांबायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

मग मी थांबायची. भांडी घासायची, कपडे भिजवायची आणि शेवटी घाईघाईने केर काढायची. तोवर ह्यांना ओट्यावर गार वारा झोंबलेला असायचा. एकदा मी अर्ध्यात असतानाच हे परत आले. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि त्यात सगळी धूळ तरंगत होती. ह्यांनी दोन पावलं आत टाकली आणि खोकला सुरू झाला. ओठ निळे पडले. मावशी धावत आल्या, आम्ही दोघींनी त्यांना खुर्चीत बसवून, डॉक्टरांच्या सांगण्यावरून घरात आणून ठेवलेल्या ऑक्सिजनच्या मशीनची नळी नाकाला लावली.

श्वास जागेवर आल्यावर मावशी माझ्यावरच घसरल्या. "मानूस भायेर गेलं की झाडायचं न्हाई, घरात आसलं तरी झाडायचं न्हाई. मग झाडायचं तरी कवा गं?"

 मी मनात तिथेच पक्कं केलं, केर ओढायचं मशीन घ्यायचं, आणि तेही हे खोलीत बसलेले असताना फिरवता येईल असं. ह्यांना उंबऱ्याबाहेर काढायची वेळच नको.

ओलं फडकं फिरवून बघितलं नव्हतं असं नाही. पण आमच्या हवेत फरशी दुपारपर्यंत वाळत नाही, आणि पावसाळ्यात तर भिंतींनाही बुरशी धरते. ती बुरशीसुद्धा ह्यांच्या छातीला चालत नाही. वायरचं मशीन घेता येणार नव्हतं. खोलीत बोर्ड एकच आणि तो ऑक्सिजनच्या मशीनने अडवलेला. त्याची नळी जमिनीवरून ह्यांच्यापर्यंत येते, तिच्यात आणखी एक वायर गुंतली असती तर पायात अडकून कुणीतरी पडलं असतं. म्हणून बॅटरीवरचंच हवं होतं.

दुकानात मी एकटीच जाणार होते, पण हे हट्टाला पेटले. त्या दिवसांत नळीशिवाय थोडा वेळ काढता यायचा.

"यंत्रातलं तुला काय कळतंय," हे म्हणाले. "मी क्रशर चालवलाय."

त्या क्रशरने काय दिवे लावले ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. रिक्षा दारात उभी होती म्हणून गप्प बसले.

लोणावळ्याच्या बाजारातलं ते दुकान बंगलेवाल्या गिऱ्हाइकांचं. विक्रेता चांगला पोक्त माणूस होता, बोलायला गोड. त्याने सतरंजीवर मूठभर रवा टाकला, मशीन फिरवलं, रवा गायब झाला आणि आम्ही टाळ्या वाजवाव्यात तसा तो आमच्याकडे बघत राहिला.

"रव्याचं काय घेऊन बसलाय," हे म्हणाले. "बारीक भुकटी वढतंय का त्ये सांगा."

असं विचारल्यावर दोन मशीनं पुढे आली. एक हलकं, काठीसारखं. ते धूळ ओढायचं खरं, पण मागच्या बाजूला तळहात धरला तर गरम हवेबरोबर काहीतरी बारीक बाहेर येतंय असं मला वाटलं. दुसरं जड. त्याला पक्का बंद फिल्टर होता, आत गेलेलं बाहेर सोडत नाही असं विक्रेता म्हणाला. माझ्या दृष्टीने निवड तिथेच संपली. मला ह्यांचा श्वास हवा होता, बाकी मशीनला सोन्याची मूठ असली काय आणि नसली काय.

ह्यांनी मात्र जड मशीन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "वर धर. तुळईची जळमटं काढतीस तसं."

मी धरलं. माझा उजवा खांदा पूर्वीपासून धरलेला आहे. हात कानापर्यंत गेला आणि पुढे जाईना. हे माझ्या हाताकडे बघत होते, मशीनकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"आता हलकं धर."

हलकं सहज वर गेलं. आमचा घोळ विक्रेत्याच्या लक्षात आला असावा. तो मध्ये पडला. "काका, वापर किती आहे त्यावर ठरवू या ना. घरात माणसं किती?"

मी म्हणाले, "दोन."

त्याच क्षणाला हे म्हणाले, "एक."

विक्रेत्याने मान खाली घातली आणि सतरंजीवरचा एक चुकार दाणा उचलायला लागला. ह्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. बैल बघायला आलेला माणूस बोलतो तसं शांतपणे ते त्याला समजावून सांगू लागले. "मशीन काय एका सालात मोडत न्हाई. मी काय तवर ऱ्हात न्हाई. पुढं हिला एकटीला वापरायचंय. हिच्या खांद्याला झेपंल आसं द्या."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतके दिवस मी ह्यांच्या छातीसाठी मशीन शोधत होते आणि हा माणूस तिथे उभं राहून माझ्या रंडकेपणासाठी मशीन निवडत होता. मला रडू यायला हवं होतं, पण राग आला. मला न विचारता, विक्रेत्यासमोर, त्यांनी स्वतःला घरातून वजा केलं होतं.

"जड बांधा," मी विक्रेत्याला म्हणाले.

"आगं, खांदा..."

"घरात माणसं दोन आहेत. जड बांधा."

परत येताना रिक्षात खोकं आमच्या दोघांच्या मांडीवर आडवं होतं.   बाहेर पर्यटकांच्या गाड्या धूळ उडवत चालल्या होत्या, म्हणून मी ह्यांच्या नाकावर माझा पदर धरला. तो त्यांनी धरू दिला.

मशीन चांगलं निघालं. हे खुर्चीत बसलेले असतात, नळी नाकाला, आणि मी त्यांच्या भोवतीने फिरवते. मशीनमुळे ह्यांना एकदाही ठसका लागलेला नाही. पण नळी आता दिवसभर लागते. मागच्या खेपेला डॉक्टरांनी नवा एक्स-रे माझ्यासमोर उजेडावर धरलाच नाही. नुसता पाकिटात घातला आणि म्हणाले, सांभाळा. किती दिवस ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

खांद्याचं ह्यांनी सांगितलं तसंच झालं. वेणी घालायला हात मागे जात नाही, मी केस नुसते गुंडाळून ठेवते. हे दोनदा म्हणाले, "बदलून आन. हलकं आन." मी दोन्ही वेळा म्हणाले, मला काही जड होत नाही. त्यांना खरं कळतं. खोटं मला नीट बोलताच येत नाही.

गेल्या आठवड्यापासून एक नवीनच सुरू झालंय. मी मशीन फिरवून ठेवलं की हे मला खुर्चीसमोर जमिनीवर बसायला सांगतात, पाठ त्यांच्याकडे करून. बामची बाटली उघडायला त्यांना वेळ लागतो. मी मदत केलेली त्यांना चालत नाही. मग माझ्या खांद्यावर हात फिरवतात. दोन-चार वेळा फिरवला की धाप लागते. हात खांद्यावर तसाच ठेवून ते थांबतात. मागे नळीतला वारा ऐकू येतो. श्वास जमला की पुन्हा फिरवतात, पुन्हा थांबतात. बोटांत जोर राहिलेला नाही. दुखतं तिथपर्यंत ती पोचतही नाहीत. ह्यांना किती त्रास होतोय ते मला पाठमोरी असूनही कळत असतं. तरी मी पुरे म्हणत नाही.